त्यांना विंचू चढत नसे

वसतिगृहात नवी मुलगी आली की पेटी कुठे ठेवायची हे दाखवण्याआधी मी तिला तीन गोष्टी सांगते. चप्पल झटकल्याशिवाय पाय घालायचा नाही. अंथरूण भिंतीपासून हातभर लांब घालायचं. आणि विंचू चावला तर किती दुखतंय ते सांगत बसायचं नाही, हात पुढे करायचा. पहिल्या दोन गोष्टींना मुली मान डोलावतात, तिसरीला हसतात. "बाई, पायाला चावला तरी हातच?" असं एखादी धीट मुलगी विचारते. "पायाला चावला तरी हातच," असं म्हणून मी पुढच्या कामाला लागते. का, ते आजवर एकीलाही सांगितलेलं नाही.

माझं लग्न झालं आणि पुढच्याच वर्षी बहात्तरचा दुष्काळ पडला. सासर संगमनेर तालुक्यात, पठारावर. घाट चढून वर आलं की तिथे नांगराला माती कमी लागते आणि दगड जास्त. विहिरींनी तळ दाखवला तेव्हा सासऱ्यांनी बैलजोडी प्रवरेकाठच्या पाहुण्यांकडे पाठवून दिली आणि आम्ही घरातली चारही माणसं सरकारी कामावर जाऊ लागलो. सासरे, सासूबाई, ते आणि मी. यजमानांचा उल्लेख मी 'ते' असाच करणार आहे. तेव्हा नाव घ्यायची रीत नव्हती, आता सवय नाही.

लोक त्या दुष्काळाच्या आठवणी काढतात, लाल मिलो ज्वारीच्या भाकरी, सरकारी सुकडीच्या रांगा, टँकरभोवतीची भांडणं, तेव्हा मी ऐकून घेते. सगळं खरं आहे. पण मला तो दुष्काळ हवासा वाटतो, हे चारचौघांत कसं सांगायचं?

कारण असं की घरात सासू-सासऱ्यांसमोर नवरा-बायकोनं बोलायचं नाही, हा आमच्याकडचा नेम होता. ताट सासूबाईंनी वाढायचं, निरोप दिराच्या नाहीतर पोराटोराच्या तोंडून द्यायचा. आमच्या घरात तर दीरही नव्हता. एका छपराखाली वर्ष काढूनही दिवसाउजेडी मी त्यांचा चेहरा नीट पाहिला नव्हता. कामावर मात्र दिवसभर ते माझ्या डोळ्यांसमोर होते. पाझर तलावाच्या कडेला रस्त्यासाठी खडी फोडायची होती. पुरुष घणानं मोठे दगड फोडून तुकडे खाली ढकलत, आणि आम्ही बायका ओळीनं बसून त्या तुकड्यांची खडी करत असू. दगड निसटू नये म्हणून टायरचं कडं त्याच्याभोवती ठेवायचं आणि हातोडीनं ठोकायचं. बोटांना चिंध्या बांधलेल्या असायच्या.

बोलायला तिथेही बंदीच होती. सासरे वरच्या बाजूला असत, सासूबाई माझ्या शेजारी. पण दगडाला शीर असते. शिरेवर घाव बसला तर तो एका ठोक्यात बिस्किटासारखा उकलतो, नाहीतर दहा ठोके घालून हात झिणझिणतात. ते वरून शिरेचे दगड निवडायचे आणि नेमके माझ्या ढिगाकडे लोटायचे. पहिले काही दिवस मला वाटलं, आपल्याला काम जमायला लागलं. मग एकदा वर पाहिलं तर ते घणावर रेलून माझ्याकडेच बघत होते. मी दगड फोडला. तो उकलला. ते हसले आणि वळले. एवढंच. पण त्या दिवशी माझी खडी सगळ्यांच्या आधी मोजायला तयार होती.

ओळीतल्या एका काकूंच्या नजरेतून काही सुटत नसे. सासूबाईंना ऐकू जाईल अशा बेतानं त्या म्हणायच्या, "का गं, हिच्याच वाटनीला समदी शिरंची दगडं कशी काय येत्यात? आमच्या नवऱ्यानं तर उभ्या जन्मात गोटेच धाडले."

सासूबाई चेहरा कडक ठेवून हातोडी चालवत राहायच्या. पण डोळे हसत असायचे, ते मी पाहिलंय.

संध्याकाळी घरी जाताना ते पुढे चालायचे आणि मी दहा-बारा पावलं मागे. सासू-सासरे बरेच मागे राहिलेले असत. मग ते मान न वळवता, रस्त्याकडे बघत बोलायचे, आणि मी त्यांच्या पाठीशी बोलायची. पाठीवर सदरा घामानं चिकटलेला, खांद्याशी ठिगळ लावलेलं. ते ठिगळ मीच लावलं होतं. त्या पाठीनं मला खूप काही सांगितलं. पाऊस पडला की कुठल्या तुकड्यात बाजरी करायची. सासऱ्यांचं गुडघ्याचं दुखणं किती जुनं आहे. आणि संगमनेर. "तुला येकदा संगमनेरला न्यायची हाय. आपन दोघंच. बाजार बघू, बांगड्या भर, भजी खाऊ." आम्ही दोघं मिळून कुठेही गेलो नव्हतो. देवदर्शनालासुद्धा घरादारासकट गेलो होतो.

आता विंचवाचं सांगते.

दगडांच्या कामावर विंचू निघणारच. रोज कुठला तरी दगड उलटला की बायकांचा कालवा व्हायचा आणि हाक जायची, "ओ इंचूवाले भाऊ, या इकडं!" ती हाक त्यांच्यासाठी असायची. ते यायचे, चिमटीनं नांगीच्या मागे धरून विंचू उचलायचे आणि लांब नेऊन ठेचायचे. भीती अशी नव्हतीच. कारण त्यांना विंचू चढत नाही, हे सगळ्या पंचक्रोशीला माहीत होतं. ते पोटात असताना सासूबाईंना सरपणातून विंचू डसला होता. अशा बाईच्या पोटच्या पोराला विंचू बाधत नाही, ही आमच्याकडची पक्की समजूत. आमच्याकडे विष चढतं म्हणजे कळ चढते. घोट्यापासून गुडघ्याला आली, मांडीला आली, असं माणूस ओरडून सांगतो आणि त्यावरून विष कुठवर पोचलं ते ठरतं. कळ नाही तर विष नाही.

सासूबाई ती गोष्ट अभिमानानं सांगत. "त्याच्या वाटचं समदं इख मीच भोगलंय," असं म्हणून पोटावर हात ठेवत. लग्न ठरवतानाही त्यांनी ती माझ्या आईला सांगितली होती, जशी एखाद्या शेताची चतुःसीमा सांगावी.

कामावर त्यांना दोनदा विंचू चावलेला मी पाहिला. दोन्ही वेळा मोठे काळे विंचू होते. त्यांनी हात झटकला, सुपारी तोंडात टाकली, पुन्हा घण उचलला. लोकांनी वाहवा केली. दुसऱ्या वेळी घरी जाताना मी त्यांच्या पाठीला विचारलं, "खरंच काही होत नाही?"

त्यांनी चाल मंद केली. मग म्हणाले, "दुखतं गं. सगळ्यांना दुखतं तसंच दुखतं. खांद्यापातूर ठणका हाय आत्ता."

"मग सांगत का नाही?"

"आईला काय सांगू? तुझं भोगनं वाया गेलं म्हनून? लई सुखात असती ती त्या गोष्टीत." आणि पुन्हा चाल धरत, "तू बी सांगू नको."

मी सांगितलं नाही. नवऱ्यानं विश्वासानं दिलेली ती पहिली गोष्ट होती. मला ती दागिन्यासारखी वाटायची.

तो दिवस उन्हाळ्यातला होता. सकाळची गार वेळ सरली होती आणि सावल्या आखडत चालल्या होत्या. काकूंच्या ढिगाशी एक थोरला काळा विंचू निघाला. हाक गेली. ते आले, सपाट दगड डाव्या हातानं तिरका उचलून धरला आणि उजव्या हातानं विंचू पकडला. सगळ्यांचे डोळे त्या लोंबत्या काळ्या विंचवावर होते. डाव्या हातातल्या दगडाच्या खालच्या अंगाला एक दुसरा होता. तांबूस, करंगळीच्या दोन पेरांएवढा. तो त्यांच्या अंगठ्याच्या बेचक्यात डसला.

"अरं, ह्यो कोन?" असं म्हणून ते हसले. दगड टाकला, पायानं दोन्ही विंचू चिरडले.

"एवढासा तर हाय," काकू म्हणाल्या. "भाऊला आमच्या मोठा काय करत न्हाई, ह्यो काय करनार?"

ते वर गेले आणि घण उचलला. मी हातोडी चालवत होते, पण डोळे वर होते. मागच्या दोन्ही वेळा त्यांनी तो हात मधूनमधून अंगाशी धरला होता. दुखत होता म्हणून, हे आता मला माहीत होतं. या वेळी ते हात धरत नव्हते. कळ नसावी. मला आधी बरं वाटलं. मग दिसलं की सदरा पाठीला चिकटलाय. उन्हात सगळ्यांना घाम येतो, पण त्या झळीत तो वाळतोही. त्यांचा सदरा विहिरीतून काढल्यासारखा निथळत होता. त्यांनी घण खाली ठेवला, एका बाजूला जाऊन ओकले, तोंड पुसलं, पुन्हा घण उचलायला गेले. तो उचलला जाईना.

मी उठले. बायकांच्या ओळीतून नवी सून उठून पुरुषांच्या बाजूला चालत गेली, हे तिथे कुणी पाहिलं नव्हतं. सासऱ्यांना मी मामा म्हणत असे. पदर सावरला आणि त्यांच्यासमोर उभी राहून मोठ्यानं म्हणाले, "मामा, यांना चढतं. यांनाही सगळ्यांसारखं चढतं. तांबडा विंचू होता."

खालून काकूंचा आवाज आला, "घ्या! नवऱ्याला ऊन लागलं तरी हिला डागदर पायजे!" दोघीचौघी हसल्या.

सासूबाई मागोमाग आल्या होत्या. "काय बोलतीस गं? माझ्या लेकराला इंचू चढतो? कुनी सांगितलं तुला?"

"त्यांनीच."

त्यांनी मुलाकडे पाहिलं. ते मान खाली घालून बसले होते. मी नेम मोडला तो मोडलाच, म्हणून सगळ्यांसमोर त्यांचा हात हातात घेतला. रणरणत्या उन्हात तो हात माठासारखा गार होता. मी तो हात मामांच्या हातात दिला. मामा कमी बोलणारे. त्यांनी तो दाबून पाहिला, मग पावलं चाचपली.

"गार पडलाय ह्यो," ते म्हणाले. "मुकादम! गाडी थांबवा ती."

खडी टाकून संगमनेरला परतणारा एक रिकामा ट्रक तेवढ्यात सुटत होता. मुकादम धावत गेला. हसणाऱ्या बायकाच उठल्या, पोती अंथरली, काकूंनी आपला पाण्याचा तांब्या वर दिला. त्यांना केबिनमध्ये कोंडल्यासारखं होऊ नये म्हणून मागे निजवायचं ठरलं. मामा ड्रायव्हरशेजारी चढले. चढता चढता माझ्याकडे न बघता म्हणाले, "तू माघं बस. त्याच्यापाशी."

सासूबाई खाली उभ्या राहिल्या. ट्रक वळेपर्यंत त्या मला दिसत होत्या, एक हात पोटावर ठेवलेला.

त्या ट्रकमध्ये आम्ही दोघंच होतो. माझ्या मांडीवर त्यांचं डोकं. दिवसाउजेडी, इतक्या जवळून, पहिल्यांदाच. भुवईत दगडाची कपची लागून झालेला व्रण होता, तो मला माहीतही नव्हता. मी पदरानं घाम टिपत होते आणि तो पुन्हा येत होता. घाट उतरताना ट्रकला हिसके बसत. छातीवर हात ठेवला तर आत काहीतरी सुटून पळत होतं.

"बघ," ते म्हणाले, "नेलं का न्हाई संगमनेरला?"

"गप्प बसा. बोलू नका."

"बोलू नका म्हनती! वरीसभर पाठीनं बोललोय." मग श्वास लागला म्हणून थांबले. "तोंडानं बोलू दे की जरा."

मी बोलू दिलं. काय काय बोलले ते सगळं आठवतं आणि ते माझ्यापाशीच ठेवते. मी अशी बाई आहे की वसतिगृहाचं धान्य, रॉकेल, मुलींच्या सुट्ट्या, सगळं लिहून ठेवते. हे कुठे लिहिलेलं नाही, तरी त्यातलं एक अक्षर हललेलं नाही.

दवाखान्यात पोचलो तेव्हा त्यांना आडवं होववत नव्हतं. उशा लावून बसवलं. तरुण डॉक्टर होते. त्यांनी नळी छातीला लावली आणि चेहरा बदलला. मामांना ते व्हरांड्यात घेऊन गेले. दार उघडं होतं. "विष हृदयाला बाधलंय," ते सांगत होते. "या तांबड्या विंचवाचं असंच असतं. दुखतं कधी थोडंच, पण हृदय आधी जिवाच्या आकांतानं पळतं आणि मग थकतं. थकलं की छातीत पाणी साठायला लागतं. आम्ही इंजेक्शनं देतोय, प्राणवायू लावतोय. पण याच्यावर नेमका उतारा म्हणावा असं औषध आमच्या हातात नाही. रात्र निघाली तर वाचतील."

इकडे नर्सबाई केसपेपर घेऊन माझ्यासमोर उभ्या होत्या. "पेशंटचं नाव?"

नाव ओठांवर आणायची जिभेला सवयच नव्हती. मी मामांकडे पाहिलं, ते पाठमोरे होते.

"अहो बाई, नाव सांगा. थांबायला वेळ नाही."

ते उशांना टेकून बसले होते, तोंड उघडं टाकून श्वास घेत होते. पण त्यांनी डोळे माझ्यावर रोखले होते आणि त्या डोळ्यांत चक्क मजा होती. सांगते का बघू, अशी. मी नाव सांगितलं. नुसतं, सरळ, सगळ्यांसमोर.

"आन् उखाना?" ते म्हणाले. धाप लागलेली, तरी म्हणाले. नर्सबाई लिहिता लिहिता हसल्या.

दिवेलागणीपर्यंत सगळं संपलं. इंजेक्शनं झाली, खोकल्याबरोबर तोंडाशी गुलाबी फेस येऊ लागला, डॉक्टर शेवटपर्यंत खाटेपासून हलले नाहीत. मी तो हात चोळत होते. तळवा, बोटं, पुन्हा तळवा. वाटत होतं, एवढा हात गरम झाला की झालं. तो झाला नाही.

तेराव्यानंतर सासूबाई मला म्हणाल्या, "तुला ठावं हुतं. मला न्हाई सांगितलं त्यानं."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून."

त्या चुलीपुढे बसल्या होत्या. "येडा," एवढंच म्हणाल्या. पुन्हा ती गोष्ट त्यांनी कधी कुणाला सांगितली नाही. मला माहेरी पाठवताना मात्र मामांना बजावलं, "हिची सातवी झालेली हाय. हिला फुडं शिकवा म्हनावं. हिला बोलता येतं." माझ्या वडिलांनी मला नगरला शिकायला ठेवलं. पुढची नोकरी, हे वसतिगृह, सगळं त्या एका वाक्यापासूनचं आहे. सासूबाई होत्या तोवर दर दिवाळीला मी पठारावर जात असे. तलावात आता पाणी असतं. रस्त्याखाली आमची खडी दबलेली आहे, त्यात माझ्या वाटचे शिरेचे दगडही.

गेल्या उन्हाळ्यात सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी आठवीतली एक मुलगी सामान बांधता बांधता माझ्याकडे आली. "बाई, पेटीमागे विंचू होता. पण काही दुखत नाही हं, बारका होता." मी म्हटलं, "हात." तिनं हसत हात पुढे केला. हसू तिच्या तोंडावर होतं आणि हात माठासारखा गार.

पुढचं सगळं मी न धावता, पण एका दमात केलं. शेजारच्यांची जीप, तिचं पांघरूण, तिच्या वडिलांना निरोप, आणि ग्रामीण रुग्णालय. आता या विंचवावर गोळी आहे. मूळची रक्तदाबाची, साधीशी, पाण्याबरोबर घ्यायची. आमच्या त्या दुष्काळानंतर काही वर्षांनी ती या कामाला येते हे डॉक्टरांना कळलं. डॉक्टरीणबाईंनी ती दिली आणि मला म्हणाल्या, "हातपाय गरम व्हायला लागले की समजायचं उतार पडला. तुम्ही बसा जवळ."

मला बसायला सांगायची गरज नव्हती. मुलीचा घाम आटायला बराच वेळ गेला. दुपार कलली, नर्स दोनदा येऊन गेली. मग केव्हातरी माझ्या मुठीत तिच्या बोटांची टोकं कोमट झाली. आधी मला तो भासच वाटला. मी हात बदलून पाहिलं. मग तळवा गरम झाला, मग मनगट. माझ्या हातात एक हात गरम होत होता.

मुलगी कंटाळली होती. "बाई, सोडा की आता. मी बरी आहे. तुमचाच हात गार लागतोय."

"असू दे," मी म्हटलं. "थोडा वेळ राहू दे."